हात लावू का?

मी भरलेली बाटली तिनं माझ्यासमोर मोरीत उलटी केली.

वॉर्डात अकरा खाटा होत्या. सगळ्यांनी पाहिलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडायची काचेची बाटली होती ती. तिच्यातलं पाणी मी सकाळी स्टोव्हवर उकळलेलं, फडक्यानं गाळलेलं, गार करून ठेवलेलं. त्या उन्हाळ्यात दवाखान्याला टँकर एक दिवसाआड यायचा. बाहेर कळशीभर पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. अशा दिवसांत अर्धी बाटली पाणी मोरीतून वाहून गेलं. मला ती बाई एक शब्द बोलली नाही. ती आमच्या मोठ्या सिस्टरकडे वळली आणि म्हणाली, "हिच्या हातचं पाणी आमच्या सुनंच्या नाकात घालून राहिले का तुमी?"

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज. मग मीच म्हणाले, "बाई, पाणी न्हाई जात नाकात. हवा जाती."

"पाण्यातूनच जाती न्हवं?"

खरंच होतं. पाण्यातूनच जाते. सिलिंडरमधली हवा कोरडी ठाक असते, ती तशीच दिली तर नाक, घसा सुकून सोलवटतो. म्हणून ती आधी पाण्यातून काढायची, ओलावा घेऊन मग पेशंटकडे जाऊ द्यायची. नांदेडला नर्सिंगला असताना आम्हा मुलींना हे डोक्यात शिरायला आठवडा लागला होता. या बाईला एका नजरेत कळलं. विटाळ कुठून कुठे जातो याचा हिशेब तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, तिला कसली अडचण?

गावाचं नाव सांगत नाही. उदगीरच्या अलीकडचं समजा. लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस सलग दगा देत होता. मी बिलोलीकडची. माझी नोकरी जेमतेम आठ महिन्यांची. ही बाई मोठ्या जमीनदार घरातली, सगळे तिला मालकीणबाई म्हणायचे. त्या भागात ऑक्सिजनचा सिलिंडर फक्त आमच्याकडे होता, नाहीतर असली माणसं सरकारी दवाखान्याची पायरी कशाला चढतील? सुनेला जीपमधून आणलं होतं. शकुंतला तिचं नाव. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. न्यूमोनिया. ओठ निळे, नखं निळी, मिनिटाला पन्नासच्या आसपास श्वास. बसवलं तर थोडं बरं, आडवं केलं की गुदमरायची.

माझी जात त्यांना कशी कळली, असं शहरातल्या बाया मला विचारतात. कशी म्हणजे? मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाव कोणतं?" सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. "गावात घर कोणत्या अंगाला?" तेही सांगितलं. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून उत्तरं देत होते.

मोरीत पाणी ओतल्यावर मोठ्या सिस्टरांनी मला औषधांच्या खोलीत नेलं. सिस्टर वाईट नव्हत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू बाटलीला हात लावू नकोस. गंगूबाई भरंल. कशाला उगं तमाशा?" गंगूबाई वॉर्डातली आया, मालकीणबाईंना चालणाऱ्या जातीची. तिला बाटली भरायला कुणी शिकवलं? मीच, पाच मिनिटांत. पाणीसुद्धा मालकीणबाईंच्या घरून यायला लागलं, त्यांच्या स्वतःच्या विहिरीचं, पितळी कळशीतून. अख्खं गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं आणि यांच्या विहिरीला पाणी होतं.

बाकी सगळं माझ्याकडे. शकुंतलाला उशा लावून बसवणं माझ्याकडे. हाताची ओंजळ करून तिच्या पाठीवर खालून वर थापटायचं, म्हणजे छातीतला कफ सुटतो. तो कफ हिरवा, रक्ताची रेघ असलेला, वाटीत धरायचा. दम लागून तिला थुंकता आलं नाही तर तोंडात बोट घालून काढायचा. हे सगळं मालकीणबाई शेजारी बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "हाव, तेवढं नीट कर."

थुंकीला माझा हात चालत होता. पाण्याला चालत नव्हता. सुट्टीत घरी गेल्यावर हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आजवर काय येगळं होतं?" आणि भाकरी थापायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या. मी पाठ थापटत होते. शकुंतला दोन शब्द बोलायची, मग श्वास घ्यायची, मग दोन शब्द.

"बाई," ती म्हणाली. "बाटली... तुमीच भरा."

"का गं?"

"त्या बाईला... येत न्हाई."

तिला कळत होतं. खाटेवरून ती दिवसभर तेवढंच बघायची, बाटलीतले बुडबुडे. गंगूबाई कधी पाणी जास्त भरायची, कधी बूच सैल ठेवायची, आणि त्याचा फरक सगळ्यात आधी हिच्या छातीला कळायचा. मी काय केलं? मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिच्या पाठीवरची चादर सारखी केली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

का गेले ते सांगते. सारवासारव करत नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीनं जे पाहिलं होतं त्यानंतर माझ्या बापाचं मला एकच सांगणं होतं, मान खाली घालून नोकरी कर. घरात पहिला पगार माझा. गावात पहिली नर्स मी. मला भीती वाटायची. झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा नोकरी आहे ना एवढंच मनात यायचं. मग म्हटलं, बाटली गंगूबाईनं भरली काय, मी भरली काय, ऑक्सिजन जातोय ना. असं मी स्वतःला पटवलं. सोपं असतं ते.

पाचव्या दिवशी नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब दुष्काळाची पाहणी करायला येणार होते. वाटेत दवाखानाही बघणार, असा निरोप आला. सकाळपासून धावपळ. डॉक्टर, मोठ्या सिस्टर, गंगूबाई, सगळी वरात अंगणात रांगेत. टँकरचं पाणी अंगणात शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. वॉर्डात मी एकटी.

बाहेर जायच्या आधी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सिलिंडर जरा भिंतीकडं सरकव, साहेब आत आले तर वाटेत येतो." मी सरकवला. सरकवताना सिलिंडरला टांगलेली बाटली हलायला लागली म्हणून मी ती धरली. उघड्या हातानं. तेवढंच.

मालकीणबाईंनी ते पाहिलं. मी अकरा नंबरच्या म्हातारीची सलाइनची सुई काढायला गेले. वळून बघते तर सिलिंडरची चावी बंद, बाटली जागेवर नाही. मालकीणबाई मोरीपाशी उकिडव्या बसून बाटली राखेनं घासत होत्या. घरून पुडीत राख बांधून आणली होती. बुचातल्या काचेच्या नळ्या घासल्या, रबराच्या नळ्यासुद्धा ओढून काढून धुतल्या. विटाळलेलं भांडं घासावं तसं सगळं मन लावून. आणि शकुंतला ऑक्सिजनवाचून मान ताणून श्वास ओढत होती.

"बाई, लवकर करा," मी लांबूनच म्हणाले.

"करून राहिले न्हवं."

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. त्या बाटलीच्या बुचातून काचेच्या दोन नळ्या आत जातात. एक लांब, पाण्यात बुडणारी. एक आखूड, पाण्याच्या वरच राहणारी. सिलिंडरची नळी लांब नळीला लावायची आणि पेशंटची आखूड नळीला. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. उलट्या लागल्या तर हवा वरून दाब देते आणि बाटलीतलं पाणीच पेशंटच्या नाकात चढतं. नांदेडला आमच्या ट्यूटर बाईंनी हे इतक्यांदा वदवून घेतलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. गंगूबाईला मी हे सांगितलं होतं. मालकीणबाईंना कोण सांगणार?

त्यांनी विहिरीचं पाणी भरलं. बूच दाबलं. नळ्या लावल्या. चावी फिरवली.

मी चार पावलांवर होते. बाटलीकडे बघितलं. बुडबुडे नव्हते. पाणी मात्र खाली उतरत होतं.

मला दिसलं. मला लगेच कळलं. यात शंका ठेवू नका.

आणि मी काय केलं? मी विचारलं.

"बाई, हात लावू का?"

असं विचारलं मी. पाणी तिच्या नाकाकडे निघालेलं आणि मी परवानगी मागत होते.

"लांब ऱ्हा," त्या म्हणाल्या. "आत्ताच धुऊन लावलंय म्या."

शकुंतलाचे डोळे मोठे झाले. तिला खोकायचं होतं, खोकता येईना. नाका-तोंडातून पाणी आलं. तेव्हा मी धावले. मालकीणबाईंना खांद्यानं ढकललं, नाकातली नळी उपसली, पोरीला कुशीवर केलं, डोकं खाली, पाठीवर थापा. सक्शनचं यंत्र पायानं चालवायचं होतं, ते एका पायानं दाबत एका हातानं तिच्या घशातलं पाणी ओढलं. नळ्या बदलून लावल्या. मागे मालकीणबाई ओरडत होत्या, "शिवली! मला शिवली!" सून निळी पडली होती आणि बाई कुणाला कुणी शिवलं ते सांगत होती.

साहेबांची गाडी आली नाही. उशीर झाला म्हणून परस्पर पुढे गेली. डॉक्टर धावत आत आले, त्यांनी सगळं केलं. शकुंतलानं ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटचे दोन तास माझा हात तिच्या पाठीखाली होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. बाटलीकडे बघत होती.

डॉक्टर मला म्हणाले, "दोन्ही फुफ्फुसं आधीच भरली होती. वाचली नसती." असेल. मला हे कधीच कळणार नाही. ती नळ्या उलट्या लागल्यामुळे गेली, की जाणारच होती? मी न विचारता झेप घेतली असती तर? बाटली पहिल्या दिवसापासून मीच भरली असती तर? या प्रश्नांनी मला किती छळलं ते सांगून उपयोग नाही. ती गेली. वीस वर्षांची होती. मला तिचं फार वाईट वाटतं, अजून वाटतं.

तिच्या सासरच्यांनी तक्रार केली. त्या सिस्टरनं बाटलीला हात लावला, मालकीणबाईंना ढकललं, म्हणून सून गेली.

मोठ्या सिस्टर कागद घेऊन माझ्याकडे आल्या. डोळे लाल झालेले. "दोन ओळी लिही," त्या म्हणाल्या. "सिलिंडर सरकवताना तुझ्याकडून नळी निसटली, म्हणून माफी. मिटून जाईल. मोठी माणसं हायेत ती."

"आणि बाटली कुणी धुतली?"

"ते कशाला लिहायचं? एवढ्यावर नोकरी वाचती तुझी."

मी कागद घेतला. औषधांच्या खोलीत बसले. बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग लिहायला घेतलं आणि दोन ओळींची चार पानं झाली. पहिल्या दिवशी पाणी कुणी ओतलं. मला बाटलीपासून कुणी लांब केलं. कफ कुणी काढला आणि पाणी कुणी भरलं. राख. नळ्या. कोणती कुठे लागली होती. पेशंट मला काय म्हणाली होती आणि मी कसं ऐकलं नाही. आणि शेवटी, चूक घडताना मला दिसत होती, तरी मी हात लावू का असं विचारलं, हा माझा गुन्हा आहे. याची शिक्षा मला द्या. दुसऱ्या कशाची मी माफी मागणार नाही.

मोठ्या सिस्टरांनी वाचलं. मग म्हणाल्या, "हे असलं पुढं पाठवता येत न्हाई. दुसरा लिही."

"दुसरा न्हाई," मी म्हणाले. "हाच पाठवा."

एक प्रत माझ्यापाशी ठेवली. महिनाभरात बदली आली, घरापासून लांब, आडबाजूला. बाप माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. त्या घरावर काही झालं नाही. मालकीणबाईंनी मुलाचं दुसरं लग्न त्याच वर्षी लावलं, असं ऐकलं.

मी तीस वर्षं नोकरी केली. हजारो लोकांना ऑक्सिजन लावला. बाटली मीच भरली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी शिव्या दिल्या, एकानं हात धरला. मी हात सोडवून घेतला आणि नळी लावली. श्वास अडलेल्या माणसाजवळ जायला मी त्या दिवसानंतर कुणाला विचारलं नाही. शकुंतलाच्या सासूला मी माफ केलेलं नाही. विचारत उभ्या राहिलेल्या त्या मुलीलाही नाही. करणार नाही.