पोथीवरचा कॉफीचा कप

परवा इथे सिडनीत, हॅरिस पार्कच्या एका भारतीय दुकानात धुपाचा वास आला आणि मी आधी नोकरी करायचे त्या टूवूंबा गावच्या वृद्धाश्रमातली ती स्टाफरूम आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. सात वर्षं झाली, तरी!

तिथल्या एका आजींची अंगठी हरवली होती. मॅनेजरने थेट माझ्या शिफ्टमधल्या डोल्मावर संशय घेतला. डोल्मा कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत वाढलेली. तिने लॉकरमधून पिवळ्या कापडात बांधलेली, धुपाचा वास मुरलेली पोथी काढली, डोक्यावर ठेवली आणि बुद्ध, धर्म, संघाची शपथ घेतली. मग मला हिंदीत म्हणाली, "इनको बोल, हमारे यहाँ इसके बाद कोई कुछ नहीं पूछता."

मी तोंड उघडेपर्यंत मॅनेजरने पोथी तिच्याकडून घेऊन टेबलावर टाकली आणि वर स्वतःचा कॉफीचा कप ठेवला. मला विचारलं, "याला काही अर्थ असतो का, मेट?"

मी दिवसातून दहादा आईशप्पथ म्हणणारी. नोकरीत परमनंट व्हायला महिना उरला होता. "नाही, नुसती पद्धत आहे," मी इंग्लिशमध्ये म्हणाले.

चार दिवसांनी अंगठी आजींच्याच मोज्यात सापडली, तेव्हा मॅनेजर डोल्माला म्हणाला, "नो वरीज." माफी नाही, नो वरीज! जणू चूक तिचीच होती.

पण शपथेच्या दिवशी माझं उत्तर ऐकल्यावर तिने कप उचलला, कापडावरचा ओला गोल बाहीने पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्लिश नीट बोलता येत नसे, पण कळायचं सगळं.