आजऱ्याच्या काजूची पट्टी आणि एका दाताचा बिट

चौथा बिट तुटला तेव्हा मी बसूच्या दुकानाच्या दारातच होतो. टक्‌ असा आवाज आला, एक तुकडा माझ्या बुटाजवळून सणकन गेला आणि आत बसू ओरडला, "गेला बघा ह्योबी!"

"आधी मशीन बंद कर!" मी दारातूनच त्याच्यावर खेकसलो.

बसू म्हणजे बसवराज. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नावाच्या पाट्या करायचा. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास त्यानं हौसेनं एक छोटा सीएनसी राउटर जुळवला. राउटर म्हणजे सुतार लाकडाची कड गोल करायला वापरतात ती जोरात फिरणारी मोटर. तिच्यात कापायचं हत्यार बसतं, तो बिट. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, मशीन त्या रेषेवरून मोटर फिरवत नेतं. लाकूड आणि ॲक्रिलिक बसूचं मशीन झकास कापायचं. मग त्याला वाटलं, ॲल्युमिनियम तर काय, मऊच की. मी तेव्हा कटिंग टूल्स विकायचो. आमच्या धंद्यात टूल चाललं तर ऑपरेटर हुशार आणि तुटलं तर टूलवाला चोर. म्हणून सकाळी सकाळी फोन मला.

मशीनच्या बेडवर, म्हणजे माल बांधायच्या फळीवर, ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी होती. तिच्यात तुटलेला बिट रुतून बसलेला आणि भोवती धातू वितळून थापल्यासारखा झालेला. ती पट्टी कामातून गेली होती. तशीच दुसरी पट्टी शेजारी स्टुलावर बसलेल्या बाईंच्या मांडीवर होती, टॉवेलात गुंडाळलेली.

बाई आजऱ्याच्या. नाव सुनंदा. घरच्या शेडमध्ये त्यांचं काजू फोडायचं छोटं युनिट होतं. कोईमतूरचं एक मशीन त्यांनी ट्रायलवर आणलं होतं. त्यात काजूची बी एका पट्टीवरच्या खाचेत बसते आणि पातं येऊन टरफल फोडतं. पण मशीनसोबत आलेल्या खाचा मोठ्या बीसाठी होत्या. आजऱ्याची बी बारीक. ती खाचेत कलंडायची आणि आतला गर पात्याखाली येऊन त्याचे तुकडे व्हायचे. तुकड्याला कोण विचारतो? बारीक खाचा पाडून घ्या म्हणून कंपनीनं दोन कोऱ्या पट्ट्या दिल्या होत्या. त्यातली एक आमच्या बसूनं खाल्ली.

"साहेब, आता ही एवढीच हाय," सुनंदाताई म्हणाल्या. "उद्या कंपनीचा माणूस येतोय. अख्खा गर निघाला न्हाय तर मशीन उचलून न्हेणार."

"दुसरी पट्टी मागवा की."

"महिना लागतोय म्हंत्यात. तवर हंगाम संपतोय."

"मग शिरोलीला एमआयडीसीत एखाद्या मोठ्या वर्कशॉपमध्ये द्यायची."

"काल दिवसभर तिथंच फिरत हुते. एका पट्टीसाठी कोण मशीन थांबवतंय? ह्ये अण्णा म्हणाले, आणा, चुटकीसरशी करून देतो."

अण्णा म्हणजे बसू. तो छताकडं बघायला लागला.

"तोवर हातानं फोडा," मी म्हणालो. माझं तोंड असंच आहे. ताईंनी हात पुढं केले. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. बोटं काळी पडलेली, टोकं सोललेली.

"आमच्या सगळ्या बायांचं हेच हाय बघा. घरात मशीन कुणालाच नको हुतं. मी भांडून आणलंय. परत गेलं तर पुन्यांदा कोण आणू देणार न्हाय."

मी चष्मा लावला आणि तुटका बिट उचलला.

चार दातांचा, म्हणजे चार धारांचा, होता. पोलाद कापायला चांगला. मोटरचा वेग फुल्ल. बिट कोलेटमधून, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्यातून, बोटभर बाहेर लोंबत ठेवलेला. आणि बाजूला बिटावर ओतायला रॉकेलची बाटली.

"फीड किती?" मी विचारलं. फीड म्हणजे बिट मालातून पुढं सरकायचा वेग.

"एकदम हळू. गोगलगाय बरी!" बसू अभिमानानं म्हणाला. "प्रत्येक बिटाला आणखी हळू केलं की साहेब. आता ह्याच्या परास हळू म्हंजे मशीन बंदच की."

"तिथंच मेलास!"

आमच्या कोल्हापुरात हे दुखणं जुनं. माल महाग, टूल महाग, मग जपून चालवा, हळू चालवा. हळूचा अर्थच जपून असा धरलाय. मी बसूला म्हटलं, "साबणाच्या वडीवर बोट घास. काय होतं? साबण बोटाला चिकटतो. नख लाव, सुरळी निघते. तुझा बिट घासतोय लेका, कापत नाही. घासून गरम होतो, ॲल्युमिनियम वितळून दातांच्या मधे भरतं, मग दातच राहात नाहीत. मोडणार नाही तर काय होईल?"

प्रत्येक दातानं प्रत्येक फेऱ्यात नीट घास घ्यायला हवा. चार दातांना पुरेल एवढ्या जोरात पट्टी कापत जायची ताकद बसूच्या मशीनमध्ये नव्हती. म्हणून दातच कमी करायचे. माझ्या बॅगेत एका दाताचा कार्बाइड बिट होता, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या पट्ट्या कापणाऱ्यांसाठी ठेवलेला. एकच होता. तो कोलेटमध्ये जेवढा आत जाईल तेवढा घातला. मोटरचा वेग निम्म्याखाली आणला. एका फेरीत खोली फक्त पाव मिलिमीटर. आणि फीड बसूच्या आठपट.

बसूचा चेहरा पडला. "साहेब, एवढ्या जोरात मोटरी स्टेप सोडत्यात. मागं ॲक्रिलिकला झालंतं. आख्खी पाटी तिरकी गेली."

त्याची भीती खोटी नव्हती. बिट सरकवणाऱ्या मोटरी मोजलेल्या पावलांनी फिरतात; एक पाऊल, म्हणजे स्टेप, सुटली की मशीनला आपण कुठं आहोत तेच कळत नाही आणि पुढची प्रत्येक खाच सरकते. "खोली कमी ठेवलीय ती त्यासाठीच," मी म्हणालो.

त्यानं सवयीनं रॉकेलची बाटली उचलली. मी हिसकावून घेतली. "खाली प्लायवूड, वर कार्बन ब्रशची मोटर, ठिणग्या उडतायत, आणि तू रॉकेल ओततोस? काजूच्या आधी आपणच भाजू!" पाट्या रंगवायचा कॉम्प्रेसर होता. त्याची हवेची गन ताईंच्या हातात दिली, डोळ्यांना बसूचा गॉगल. "चुरा खाचेत साठू द्यायचा नाही. सारखी हवा मारायची."

आधी भंगार तुकड्यावर बघितलं. चुरा कोरडा, चकचकीत उडाला. मग ताईंनी टॉवेल सोडला आणि पट्टी बेडवर ठेवली. क्लॅम्प मीच आवळले.

पहिल्या दोन खाचा सुरेख झाल्या. तिसऱ्या खाचेच्या कोपऱ्यात बिट जरा किंचाळला. कोपऱ्यात किंचाळतोच. पण बसूचा हात आपोआप फीडच्या नॉबवर गेला आणि त्यानं तो खाली फिरवला. झालं! आवाज जाड झाला आणि बिटाच्या टोकाला पांढरा गोळा दिसायला लागला.

"वाढव!"

"तुटंल साहेब!"

"अरे वाढव, बाबा!"

त्याचा हात नॉबवर थिजलेला. मी त्याचं मनगट धरून बाजूला फेकलं आणि नॉब पूर्ववत वर फिरवला. खरं सांगतो, त्या क्षणी मी डोळे मिटले होते. बिट गेला असता तर माझ्याकडं दुसरा नव्हता आणि ताईंकडं दुसरी पट्टी नव्हती. ताई मात्र मागं सरल्या नाहीत. गन बिटाच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी हवेचा झोत धरून ठेवला. तो गोळा तडकन सुटून भिंतीवर आपटला आणि आवाज पुन्हा मोकळा झाला.

"हात खिशात घाल," मी बसूला सांगितलं. त्यानं घातले. शेवटची खाच होईपर्यंत माणूस हात खिशात घालून, दात ओठात रोवून उभा होता.

मशीन थांबलं. आम्ही दोघं बघत राहिलो. ताईंनी पिशवीतून बिया काढल्या आणि एकेका खाचेत ठेवल्या. पट्टी हलवून बघितली. एकही कलंडली नाही. त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. बसू धावत जाऊन चहा सांगून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजऱ्याहून फोन. मागं खडखड चालू होती.

"कंपनीचा माणूस काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? जेवला आणि रिकाम्या हातानं गेला."

बसूनं पुढं ॲल्युमिनियमची बरीच कामं केली. मी आता रिटायर झालोय, तरी नवीन पोरं हौसेची मशीनं घेतात आणि विचारायला येतात, "साहेब, सुरुवातीला जरा हळूच चालवू की?" मी सांगतो, दात कमी घे, खोली कमी घे, हळू चालवू नको. माना डोलावतात, घरी जातात आणि हळूच चालवतात. पहिला बिट मोडला की मग परत येतात.