डावीकडे, खाली

लक्ष्मीकांत ठेंग आणि त्याची बायको शरयू दोघंही बुलढाण्याच्या पोलीस मुख्यालयात नोकरीला. मी तिथंच लिपिक आहे आणि पोलीस वसाहतीत त्यांच्या समोरच राहतो. त्यामुळे बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं लक्ष्मीकांतनं मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यानं स्वतःला कुठंही झाकलं नाही.

तो मूळचा साखरखेर्ड्याचा. रायफलच्या नेमबाजीत सलग अकरा वर्षं जिल्ह्यात पहिला. गावी गेला की लोक चहाच्या टपरीवर त्याच्याभोवती जमायचे. शरयू जळगाव जामोदची, शिक्षकाची मुलगी. वायरलेसच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची आणि वर्षातून एकदा नियमाप्रमाणे फायरिंग करून यायची. घरात नेमबाज कोण, हा प्रश्नच नव्हता.

मागच्या वर्षी लक्ष्मीकांतला संरक्षण पथकात घेतलं. तिथं रायफल नसते, कमरेला पिस्तूल असतं. म्हणून पंधरा दिवसांचं पिस्तूल प्रशिक्षण लागलं. महिलांच्या जागा रिकाम्या होत्या, तर त्यानंच शरयूचं नाव दिलं. "चाल तूही, तेवढाच मोकळा वारा," असं तो म्हणाला होता.

पहिल्या दिवशी दोघांनी दहा-दहा गोळ्या झाडल्या. शरयूच्या सात गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत बसल्या. लक्ष्मीकांतच्या सगळ्या गोळ्या डावीकडे, खाली. दोन तर कागदालाही लागल्या नाहीत.

शिकवायला हिंमतराव उस्ताद होते. निवृत्तीला वर्ष राहिलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि शरयूचा कागद फळ्यावर टाचला. रोजचा सगळ्यात चांगला कागद तिथं लागायचा. पुढचे आठ दिवस तिथं शरयूचाच कागद लागला.

लक्ष्मीकांत आधी म्हणाला, नशीब. मग म्हणाला, तिचं पिस्तूल नवं आहे. पिस्तुलं बदलली, तरी त्याच्या गोळ्या खालीच. मग तो कॅन्टीनमध्ये सांगू लागला की उस्ताद बायांना जास्त वेळ देतात. हे खोटं होतं आणि त्याला ते माहीत होतं. फळ्यापाशी कोणी नसलं की तो शरयूच्या कागदावरची भोकं बोटानं मोजायचा. एकदा मी त्याला तसं करताना पाहिलं, तर त्यानं कागदाची टाचणी नीट करत असल्यासारखं दाखवलं.

त्याला सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं न मिरवणं. ती घरी येऊन कणीक मळायची, मुलीचा अभ्यास घ्यायची, फायरिंगचा विषयही काढायची नाही. साखरखेर्ड्याहून त्याच्या आईचा, सरस्वतीबाईंचा, फोन आला. "काय लक्ष्या, कोनाचा नंबर लागला?" त्यानं सांगितलं, "दोघायचंही बरं चालू हाय." शरयू पलीकडे लसूण सोलत होती. ती हसली नाही की बोलली नाही. त्याला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी उस्तादांनी एक प्रयोग केला. लक्ष्मीकांतच्या मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मधेमधे पोकळ, न उडणाऱ्या डमी गोळ्या घालायच्या. कितवी गोळी डमी आहे हे झाडणाऱ्याला सांगायचं नाही. मॅगझिन भरायचं काम शरयूला दिलं.

पहिल्या दोन गोळ्या उडाल्या. तिसऱ्यांदा नुसतं 'खट' झालं. आवाज नाही, झटका नाही, तरी पिस्तुलाचं तोंड चार बोटं खाली गेलं आणि लक्ष्मीकांतचे डोळे गच्च मिटले. मागं उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी हसलं.

"दिसलं काय तुले?" उस्ताद म्हणाले. "झटका यायच्या आधीच तू त्याले दाबून राह्यला. रायफलचा धक्का खांदा खाते. इथं पिस्तूल तोंडासमोर उसळते, म्हणून तू आधीच मूठ आवळतो अन् हात डावीकडं, खाली करतो. गोळी बिचारी तू दाखवशील तिकडं जाते."

त्यानं मान हलवली. पण उस्तादांचं शिकवणं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. घरी येऊन तो शरयूला म्हणाला, "तिसरी काऊन भरली? शेवटची भरता आली असती."

"उस्ताद म्हणे कुठंही भर."

"सगळ्यायसमोर माही फजिती पाहाची होती तुले."

शरयूनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमची फजिती झाली तर मले काय भेटते?" एवढं विचारून ती आत गेली. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी न थांबता आधी जेवून घेऊ लागला.

प्रशिक्षण संपताच अमरावती परिक्षेत्राच्या पोलीस संघासाठी निवड चाचणी होती. पुरुषांच्या चार जागा, महिलांची एकच. चाचणी शनिवारी सकाळी दहाला. शुक्रवारी संध्याकाळी शरयू फोन घरी ठेवून भाजी आणायला गेली आणि मागं तिचा फोन वाजला. हिंमतराव उस्ताद होते. चाचणी घेणाऱ्या साहेबांना बंदोबस्तासाठी लवकर निघायचं होतं, म्हणून चाचणी सात वाजता ठेवली होती. बाकी सगळ्यांना कळवून झालं होतं.

"तुमी दोघं सोबतच येसान. सांगजो तिले," उस्ताद म्हणाले.

"हाव, सांगतो," लक्ष्मीकांत म्हणाला.

शरयू आली, तिनं मेथी निवडायला घेतली. तो समोर बसून होता. सांगायचंच नाही असं काही ठरवलं नव्हतं, असं तो मला म्हणाला. आता सांगू, ती ताट वाढेल तेव्हा सांगू, असं करत राहिला आणि नंतर सांगण्याची वेळच निघून गेली. सकाळी सहाला बूट घालून तो एकटाच निघाला. तिनं विचारलं, इतक्या लवकर? तो म्हणाला, हजेरी आहे.

मैदानावर सव्वासात झाले. "शरयू काऊन नाई आली?" उस्तादांनी विचारलं. "येईल," तो म्हणाला. मग उस्तादांनीच तिला फोन लावला. "अवं, सातला होती. मी काल सांगतलं होतं." पलीकडचं ऐकून त्यांनी फोन खिशात घातला. लक्ष्मीकांतकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवून पुढची तुकडी बोलावली.

लक्ष्मीकांतला शंभरपैकी अठ्ठावन्न मिळाले.

शरयू स्कूटीवरून आली तेव्हा शेवटची तुकडी उभी राहत होती. केस ओले, धाप लागलेली. साहेबांनी घड्याळाकडे पाहून तिला उभं राहू दिलं. तिची पहिली गोळी कडेला लागली. दुसरी कागदाबाहेर गेली.

"बरं वाटलं बे मले," लक्ष्मीकांतनं मला सांगितलं. "खोटं कायले बोलू. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. मग मले माहीच भीती वाटली. बायकोची गोळी चुकली अन् मी आतून हसून राह्यलो."

पुढच्या आठ गोळ्या तिनं सावरल्या. तिला एक्क्याऐंशी मिळाले. मलकापूरच्या संजीवनीला त्र्याऐंशी. निवड संजीवनीची झाली.

घरी शरयू पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती. लक्ष्मीकांत उभाच होता.

"उस्तादाचा फोन काल मी घेतला होता," तो म्हणाला.

"मालूम हाय. निंघताना फोनमधी पाह्यलं. काल सांजच्या पावणेसातचा फोन, एक मिनिट चार सेकंद."

"मंग मैदानावर काऊन नाई बोलली?"

"तिथं गोळ्या माराच्या होत्या." तिनं दुसरा बूट काढला. "पहिल्या दोन गोळ्यायले मले नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसलीच नाई. तुमचंच तोंड दिसे. काऊन केलं असं?"

"जळत होतो तुह्यावर," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

तिनं दोन्ही बूट पायरीच्या कडेला लावले. "मले वाटे तुमाले बरं वाटत असंल," ती म्हणाली. "माह्यं नाव तर तुमीच देल्लं होतं."

सोमवारी तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्यानं अर्ज लिहून मागितला. "शरयूला चाचणीची बदललेली वेळ माझ्यामुळे कळली नाही, दोष माझा आहे," असा. मी म्हटलं, "तुले कोनी विचारलं तरी काय?" तो म्हणाला, "लिही तू." अर्ज वर गेला. लक्ष्मीकांतला लेखी ताकीद मिळाली. संघाची यादी मात्र अमरावतीला पोचली होती, ती बदलली नाही. अर्जाचं कळल्यावरही शरयूनं दोन महिने त्याच्याशी मुलीच्या शाळेपलीकडे बोलणं ठेवलं नाही.

त्या दोन महिन्यांत तो रोज सकाळी उस्तादांकडे जाऊ लागला. उस्तादांनी त्याला गोळी दिलीच नाही. रिकामं पिस्तूल, नळीवर एक रुपयाचं नाणं, आणि नाणं न पाडता ट्रिगर दाबायचा. पहिल्या आठवड्यात नाणं सारखं पडायचं. "नजर त्या टोकावरच्या माशीवर ठेव," उस्ताद सांगायचे. "ट्रिगर हळूहळू दाबत राह्य. गोळी कवा सुटली ते तुलेही मालूम नाई पडलं पाह्यजे. अन् उसळू दे त्याले. त्याचा धर्म हाय तो."

नाणं थांबू लागलं तेव्हा खऱ्या गोळ्या आणि डमी गोळ्या आल्या. उस्ताद भरायला बसले तर लक्ष्मीकांतनं मॅगझिन परत घेतलं आणि वायरलेसच्या खोलीत शरयूपुढं नेऊन ठेवलं.

"तू भर," तो म्हणाला.

"मंग तिसरी काऊन भरली म्हनसान."

"नाई म्हनत."

तिनं हेडफोन काढून ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं. त्या दिवशी चार डमी होत्या. दोनदा पिस्तूल खाली गेलं, दोनदा जागच्या जागी राहिलं.

आता त्याला साधारण शहात्तर-अठ्ठ्याहत्तर मिळतात. पथकाच्या कामाला तेवढं पुरतं. शरयूची यंदा संघात निवड झाली आणि अमरावतीहून ती कांस्यपदक घेऊन आली. वसाहतीत पेढे वाटले ते लक्ष्मीकांतनंच. माझ्या दारात डबा घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "आता तरी गेली काय ती जळजळ?"

"नाई ना बे," तो म्हणाला. "तिचं नाव पुकारलं तवा जरासं झालंच. तिले सांगतलं तसं."

"मंग काय म्हनली?"

"म्हनली, सांगत जा." त्यानं मला आणखी एक पेढा दिला आणि तो पुढच्या दाराकडे वळला.