माझ्या कादंबरीतला एकच खरा लांडगा

माझी एकमेव कादंबरी तुम्ही वाचली नसेल. अभिनंदन! पौर्णिमा आली की लांडगा होणारा अकरावीतला मुलगा, त्याच्यावर जीव टाकणारी वर्गातली मुलगी आणि धुक्यात बुडालेलं वसतिगृह. प्रकाशकांना तरुण वाचकांसाठी काहीतरी थरारक हवं होतं. मी म्हटलं, लांडगे ना? आमच्या घरचेच आहेत. मी मेंढपाळाचा मुलगा, शाळेत मराठी शिकवतो, आणि बोलायला लागलो की एसटी निघून गेली तरी लोक उठत नाहीत. लिहायला बसल्यावर मात्र सगळी गंमत कुठे गेली कोण जाणे. दोनशे पानांत माझा नायक सतरा वेळा शर्ट फाडतो. दर वेळी नवा शर्ट कुठून येतो, हे मलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

मुखपृष्ठावर निळ्या डोळ्यांचा, पांढराशुभ्र, गुबगुबीत प्राणी होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "कुत्रं चांगलं हाय."

तरीही वडवणीच्या बाजारात ते भेटेल त्याला सांगत होते, पोरानं लांडग्यावर बुक लिहिलं. मग एका संध्याकाळी मेंढरं तळावर बसल्यावर चार-पाच जण ऐकायला जमले. आबांचे धाकटे भाऊ, माझे काका, अगदी पुढ्यात. दोघा भावांची मेंढरं जन्मभर एकाच कळपात चरलेली. मी हातवारे करत, आवाज चढवत वाचू लागलो.

चंद्र उगवला, शर्ट फाटला, नायकानं आभाळाकडे तोंड करून गळा काढला.

"त्यो बोंबलतो कावून? मेंढरं उठतील की," एकानं विचारलं.

"शहरातला हाय बे, त्याला काय कळतंय," दुसरा म्हणाला.

हशा पिकला. लोक हसले की मी चेकाळतो. त्या भरात मी नववं प्रकरण काढलं. त्यात एक मेंढपाळ आहे. कोरड्या साली लांडगीण कोकरं उचलते, माणसं काठ्या घेऊन तिचं बीळ शोधायला निघतात. बीळ कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं, आतली चार पिल्लंही त्यानं पाहिलेली असतात. तो सगळ्यांना ओढ्याच्या भलत्याच अंगाला घेऊन जातो.

हे मी रचलेलं नव्हतं. मी दहा वर्षांचा असताना आबांनी मला एकट्याला सांगितलं होतं.

हसणं थांबलं तेव्हाच मला उमजायला हवं होतं. पण आवाज असा लागला होता, की मी पिल्लांच्या कुईंकुईं आवाजासकट प्रकरण पूर्ण केलं.

काका आबांकडे बघत म्हणाले, "दादा, आपुन करंजाच्या झाडापस्तोर गेलतो. तू म्हनला, बीळ हितंच हाय."

आबा उठून एका कोकराला कळपात ढकलू लागले.

"माजी लई कोकरं गेली त्या साली."

"काका, गोष्ट हाय ती," मी मधेच म्हणालो.

"गोष्ट मघाची व्हती. ही न्हाई."

आठवड्यानं प्रकाशकांनी एका वाचकाचं पत्र पाठवलं. मुलाचं लांडगा होणं त्याला पटलं होतं, लांडगिणीला वाचवणारा मेंढपाळ तेवढा पटला नव्हता. एरवी असल्या पत्रावर मी महिनाभर लोकांना हसवलं असतं.

दिवाळीनंतर काकांनी आपली मेंढरं वेगळी काढली आणि चौसाळ्याच्या अंगाला नेली. आमच्या कळपातल्या मेंढ्या दोन दिवस त्या वाटेकडे तोंड करून ओरडत होत्या. आबांनी सत्तरी ओलांडलेली, एकट्यानं कळप वळवणं त्यांना जमत नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन बसले.

"बाकी सगळं खोटं लिहिलंस," ते म्हणाले. "मंग तेवढंच कावून खरं लिहिलं?"

"मला दुसरं काही धड लिहिताच येत नव्हतं, आबा."

त्यांनी मान हलवली, काठी उचलली आणि मेंढरांमागे निघून गेले.