बळेगारातला ळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, आमच्या रविवारच्या गटापाशी नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. वाचून हळहळू नका. हळहळ मला चालत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. उणकलला राहते, वह्या-पेनांचं दुकान चालवते. घरातली डाळ कधी संपणार हे मला डब्याचं झाकण न उघडता ठाऊक असतं. "अक्कानं लिहिलंय म्हणजे बरोबरच" – हे माझ्याबद्दल लोक बोलतात आणि मी बोलू देते. माझी प्रत्येक यादी दोनदा होते. कच्ची मराठीत, पेन्सिलनं. पक्की कानडीत, शाईनं, कारण वनखात्यात कानडीच चालते. हे ध्यानात ठेवा.

कलघटगीच्या पलीकडं सरकारी रान आहे. तिथं आम्ही काही जण दर रविवारी जायचो – तारेचे फास शोधून काढायचे, कुठं सापडले ते टिपायचं, शिकाऱ्यांनी टाकलेल्या बाटल्यासुद्धा टिपायच्या, यादी वनखात्याच्या साहेबांना द्यायची. त्या हिवाळ्यात नायलॉनच्या जाळ्यात मेलेला मोर सापडला. जाळं नवंकोरं, बाहेरून आणलेलं. कोण आणतो? महिना झाला तरी आम्हाला पत्ता नव्हता. एका रविवारी साहेब माझी यादी उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, यात बाटल्या लई, माणूस एकबी नाही. एखादा माणूस द्या की!" सगळे हसले. मीही हसले. आत काय झालं ते सांगत बसत नाही.

मग ठरलं, की रानाला लागून असलेल्या गावात बाहेरचं कोण-कोण येतं त्याची यादी करायची. ते काम अर्थातच माझ्याकडं आलं. गावाच्या शेवटच्या घरात शांतव्वा राहायची. लोकांच्या शेळ्या चारायची, सगळं रान तिच्या पायाखालचं. इतरांशी ती बोलत नसे, माझ्याशी बोलायची. तिच्या कट्ट्यावर बसून मी विचारलं आणि ती म्हणाली, "बळेगार बर्तान्री अक्का, मत्त यारू इल्ला." बळेगार येतो, दुसरं कुणी नाही. हुबळीचा, कमरीपेठेतला, पांढऱ्या गाडीवरून, मागं दोन खोकी बांधून, दर गुरुवारी.

कानडीत बळे म्हणजे बांगडी. बले म्हणजे जाळं. बळेगार तो बांगड्या भरणारा, आपला कासार. बलेगार तो जाळं टाकून शिकार करणारा. ल आणि ळ. जन्म हुबळीत गेलेल्या मराठी बाईला हा फरक कळत नाही? मराठीतही ळ आहे आणि माझ्या तोंडातही आहे. शिवाय तो कासार कोण, हेही मला कळलं होतं. पांढऱ्या गाडीचा मारुती – आमच्या घरात तीन लग्नांच्या बांगड्या त्यानंच भरलेल्या.

तिसरं लग्न माझ्या भाचीचं. माझे मालक जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. अंगणात आम्ही बायका ओळीनं बसलो होतो, मारुती एकेकीचा हात दाबून हिरव्या बांगड्या चढवत पुढं सरकत होता. माझी पाळी आली. मी हात पुढं केला. का केला? नवरा गेला म्हणून हात झाकून बसायचे दिवस राहिले नाहीत, असं मला वाटत होतं म्हणून केला. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुमचं असू दे, अक्का," म्हणाला, आणि पुढच्या बाईचा हात धरला. माझा हात तसाच हवेत. कुणीतरी खाकरलं. एक बाई साडीचा पदर सारखा करू लागली.

हे कारण म्हणून सांगत नाही. हजारो बायकांचे हात असे हवेत राहिलेत. त्यांनी कुणाला पकडून दिलं नाही.

त्या संध्याकाळी पक्की यादी करायला बसले. कच्च्या वहीत माझ्याच अक्षरात होतं – कासार मारुती, कमरीपेठ, गुरुवार. शाईचं पेन उघडलं आणि कानडीत लिहिलं – बलेगार मारुती, दोन मोठी खोकी, दर गुरुवारी. कानडी लिपीत ती दोन अक्षरं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, घाईत कुणीही चुकेल. मी घाईत नव्हते. लिहिलं, वाळू दिलं, परत वाचलं.

गुरुवारी खात्याच्या माणसांनी त्याला गावच्या चौकात अडवलं. आमचा गटही होता, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. खोक्यांची दोरी सोडताना एक खोकं निसटलं आणि बांगड्या दगडावर फुटल्या. बायका दारात येऊन उभ्या. मारुतीनं गर्दीत इकडंतिकडं पाहिलं, मी दिसल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला. "अक्का, तुम्ही वळखता की मला! सांगा की यांना!"

माझ्या हातात यादी होती. मी म्हणाले, "यादीत आहे ते आहे."

बांगड्यांखाली जाळं असणार, जोडीदार असणार, म्हणून त्याला घेऊन गेले. चौकशी होऊन तिसऱ्या दिवशी सोडलं. जाळं नव्हतंच. पण तोवर त्याचा व्हिडिओ घराघरांत पोचला होता – मोर मारणारा. ज्या बायकांचे हात त्यानं वीस वर्षं धरले, त्यांनी दारं लावली. गावोगाव फिरणं बंद झालं. आता कमरीपेठेत दुसऱ्याच्या दुकानात, पायरीवर बसतो. मी त्या गल्लीनं जात नाही. दुसऱ्या गल्लीनं दहा मिनिटं जास्त लागतात.

इथवरचं सांगणं, मला वाटलं होतं, अवघड जाईल. तसं गेलं नाही. अवघड पुढंच आहे.

त्याच गुरुवारी संध्याकाळी, खोक्यांत जाळं निघालं नाही तेव्हा, साहेबांनी विचारलं होतं. दोघंच होतो – साहेब आणि मी. "मॅडम, ती बाई बळेगार म्हणाली का बलेगार?" तेव्हा अजून वेळ होता. एका अक्षराचं काम होतं. चूक झाली, घाईत लिहिलं, एवढं म्हटलं असतं तरी माझं काय गेलं असतं? अक्काची यादी चुकली, असं लोक म्हणाले असते. एवढंच.

मी म्हणाले, "बलेच म्हणाली. तोंडात तंबाखू होती तिच्या. शब्द नीट उमटत नव्हता."

ते साहेबांना पटलं. गटाला पटलं. गावाला तर लगेच पटलं – शांतव्वानंच आपल्या कासाराला विकलं. एकेकीनं आपली शेळी तिच्याकडून सोडवून नेली. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती रिकाम्या गोठ्यासमोर बसली होती. मी थांबले नाही. पावसाळ्याआधी ती लेकीकडं अळणावरला निघून गेली. तेव्हापासून त्या गावात खात्याला कुणी एक शब्द सांगत नाही. जाळी अजून लागतात. आम्ही अजून जातो. याद्या अजून मीच करते.

कच्ची वही कपाटात आहे. फाडलेली नाही. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय, पण 'कासार' वाचता येतं.

आणि त्या दिवशी शांतव्वाच्या तोंडात तंबाखू नव्हती. तिनं आयुष्यात कधी खाल्ली नाही.