लिलीची एकाची दोन होईपर्यंत

सासूबाई गेल्या आणि मामा, म्हणजे माझे सासरे, हदगावजवळच्या गावाहून लातूरला आमच्याकडं आले. आले कसले, नवऱ्यानं आणलं. पिशवी भरलेलीच दाराशी ठेवायचे. अर्धी भाकरी खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायचं. तहान लागली तरी पाणी मागायचे नाहीत. म्हणायचे, सुनेवर कशाला भार? आणि सारखं एकच, "मला गावाकडं जाऊ द्या." अशा माणसाला रिकाम्या घरात एकटं धाडायचं? मी हटूनच बसले.

माझ्याकडं माशांची काचेची टाकी आहे. तिच्यात लावायला पाण्यातल्या लिलीचा कंद आणला होता, लिंबाएवढा. तो मामांच्या हातात ठेवला. म्हटलं, "हा तुम्ही लावा. याची एकाची दोन झाडं होऊ द्या, मग खुशाल जा. मी अडवणार नाही."

"जबान दिलीस बघ," मामा म्हणाले.

घाई त्यांनाच होती. मी सांगितलं होतं, कंद नुसता वाळूवर टेकवायचा, कोंब उघडा ठेवायचा. पण जन्मभर हळद लावलेला माणूस सुनेचं कशाला ऐकतोय? दुपारी मी झोपलेली बघून त्यांनी तो हळदीच्या बेण्यासारखा खोल गाडला, वरून वाळू दाबली. कंद सडला. पाणी पांढुरकं झालं, वास सुटला, मासे वर येऊन तोंड वासायला लागले. मी अशी भडकले की विचारू नका. पाणी उपसताना माझं तोंड चालूच होतं आणि मामा बादली धरून उभे होते.

"आता जातो मी," ते म्हणाले.

"कसे जाता? दोन झाडं कुठं हायत?" मी म्हटलं, आणि दुसरा कंद आणला.

हा मात्र त्यांनी वाळूवर टेकवला. सकाळी उठले की टाकीपुढं स्टूल. लालसर पानं फुटली. मग एक देठ लांबत वर गेला आणि पान पाण्यावर पसरलं. असली पानं खालच्यांचा उजेड अडवतात, बुडातून कापावी लागतात. मी कात्री काढली तर मामा भांडायलाच उठले, "आलेलं पान कापून राहिलीस?" पण कापल्यानं झाड खाली दाट झालं, तेव्हापासून कात्री त्यांच्याच खिशात. अर्ध्या भाकरीची दीड झाली. मला लई बरं वाटायचं. वाटायचं, आता हे जायचं नाव काढत नाहीत.

झाडाला स्वतःच्या मुळ्या सुटल्या तसं मामांनी ते कंदापासून नखानं अलगद तोडलं आणि बाजूला लावलं. काही दिवसांनी उरलेल्या कंदाला नवा कोंब आला. मामांनी मला हाक मारून दाखवला.

"झाली की दोन," ते म्हणाले.

मला रडूच आलं. म्हटलं, राहा की इथंच, तिथं कोण हाय तुमचं?

"घर हाय, रान हाय. आता जमंल मला."

त्यांच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणता येईना. शब्द मीच दिला होता. पिशवीत दशम्या बांधून दिल्या.

बसस्टँडवर मात्र राग आवरला नाही. ते खिडकीशी बसले तसं मी म्हटलं, "तिथं आजारी पडलात तर मला कळवू नका. लेकाला कळवा."

"तुलाच कळवीन," मामा म्हणाले.