पडद्यावरची फिकट अक्षरं

माझे धाकटे दीर पडदे दुरुस्त करायचे. खिडकीचे नव्हेत, आधी टीव्हीचे, मग कॉम्प्युटरचे. मी या घरात आले तेव्हा भावजी एकवीस वर्षांचे होते, आता अठ्ठावन्नचे आहेत. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बायको बिघडली तर सुटे भाग कुठून आणू?" आणि वर ह्यांच्याकडे बोट करून, "दादाला विचारा, गॅरंटी संपल्यावर काय हाल होतात ते." मी लाटणं दाखवलं की हसत बाहेरच्या खोलीत पळायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. पडदा बिघडला की लोक टाकूनच देतात, दुरुस्तीला आणणार कोण? दुकानातलं टेबल आमच्या बाहेरच्या खोलीत आलं आणि भावजी त्याच्यामागे बसू लागले. काम क्वचितच यायचं, तरी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालायचेच. मी काही बोलत नसे. देवाजवळ मात्र रोज सांगायचे, या माणसाला जायला एक जागा दे.

ती जागा वाचनालयाच्या रूपाने येईल असं वाटलं होतं. तिथे बारा जुने कॉम्प्युटर होते, पडदा आणि मशीन एकाच डब्यात असलेले. नवी प्रणाली त्यांना पेलेना, म्हणून कमिटी ते भंगारात काढायला निघाली होती. भावजी आपण होऊन गेले आणि म्हणाले, "त्या प्रणालीऐवजी लिनक्स घाला. हलकं असतं, फुकट असतं. ही म्हातारी आणखी दहा वर्षं चालतील." ग्रंथपालबाईंना पटलं. कमिटीने सांगितलं, एक मशीन घरी न्या आणि शनिवारपर्यंत चालवून दाखवा. चाललं तर बाराही तुमच्याकडे, शिवाय आठवड्यातून तीन दिवस इथे बसून त्यांची देखभाल करायची. हे सगळं भावजींनी आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

सोमवारी त्यांनी पेनड्राइव्ह लावला. पहिली यादी ठळक पांढऱ्या अक्षरांत आली. त्यातलं एक निवडलं आणि पडदा काळा झाला.

"काय झालं हो?" मी भाजी निवडत विचारलं.

"लिनक्स सुरू होताना प्रत्येक भागाला विचारतं, तू कोण. पडद्याचं जुनं कार्ड धड उत्तर देत नाही. मग चित्र भलतीकडेच पाठवलं जातं."

"म्हणजे घरात माणूस असताना पत्र शेजारी टाकतात, तसं?"

"अगदी तसंच. वहिनी, तुम्ही माझ्या दुकानात असायला हव्या होत्या."

त्यांनी सुरुवातीच्या ओळीत एक शब्द घातला, साधंच चित्र दाखव असं सांगणारा. काळंच. मंगळवारी म्हणाले, याला वाटतंय आणखी एक पडदा जोडलाय; तो नाही असं सांगून पाहिलं. काळंच. बुधवारी लिनक्सची जुनी आवृत्ती घातली. तरी तेच. जेवायला बोलावलं तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. ह्यांनी टोमणा मारला, "अरे, काळाच पडदा बघायचा तर डोळे मिटून बस, वीज तरी वाचेल." भावजी त्यावर हसले नाहीत. मला वाटलं, थकलेत.

गुरुवारी दुपारनंतर मी बाहेरच्या खोलीत फडकं मारायला गेले. ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं होतं, खोलीत अंधारून आलं होतं. भावजी पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले होते.

"भावजी, हे काहीतरी विचारतंय."

"कोण?"

"तुमचं मशीन. भाषा कुठली हवी म्हणतंय. इंग्रजीत लिहिलंय, खाली मोठी यादी आहे."

ते पडद्याकडेच बघत होते. "कुठे?"

"कुठे काय, अख्ख्या पडद्यावर. फिकट आहे, पण आहे की."

त्यांनी खणातून बॅटरी काढली. पडद्यामागचा दिवा विझला असेल तर बाजूने तिरका उजेड टाकायचा, चित्र असलं तर दिसतं, ही त्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती. त्यांनी बॅटरी तिरकी धरली आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. मला आता शब्द न् शब्द वाचता येत होता. त्यांनी उजेड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला, परत आणला. मग बॅटरी बंद केली.

"ही मी सोमवारीच मारून पाहिली होती," ते म्हणाले.

मी फडकं खाली ठेवलं आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी थेंब दिले होते. काही महिने घातले, मग सोडले. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही, जायची नुसती थांबते, म्हणून त्यांना वाटलं, थांबली असेल. ठळक दिसतं, फिकट दिसत नाही, बाजूचं दिसत नाही. थेंबांची रिकामी बाटली स्क्रूच्या खणात होती.

आणि मला कसं कळलं नाही? तर आमच्या घरच्या सवयीमुळे. एकदा ह्यांचा चष्मा फुटला होता, तेव्हा आठवडाभर मी सकाळच्या चहाला पेपर मोठ्याने वाचून दाखवला. चष्मा आला तरी वाचन थांबलं नाही. वीस वर्षं होऊन गेली. बिलं, लग्नपत्रिका, औषधावरची चिठ्ठी, या घरात जे काही येतं ते मीच वाचते आणि दोघे भाऊ ऐकतात. भावजींनी कागद हातात घेणं कधी सोडलं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात महिन्याभरात उघडं पडलं असतं.

"दादाला सांगू नका. शनिवारपर्यंत तरी."

"मी खोटं बोलणार नाही, भावजी."

"खोटं कोण बोला म्हणतंय? तुम्ही नुसतं वाचा."

दोन दिवस मी वाचलं. एकेक अक्षर लावत, अडखळत. ते ऐकायचे, सांगायचे, मी कळ दाबायची. प्रत्येक पायरी माझ्या रोजच्या वहीत लिहून ठेवली. शेवटी कळलं ते असं, की लिनक्सने कार्ड पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं होतं. फक्त पडद्यामागचा दिवा ते जवळजवळ शून्यावर नेत होतं. सुरुवातीच्या ओळीत दिव्यासाठी एक शब्द घालायचा, एवढंच. शुक्रवारी चार वाजता पडदा उजळला. भावजींनी त्यावर तळहात ठेवला.

"चार दिवस बिचारं भाषा विचारत होतं," ते म्हणाले, "आणि मी म्हणत होतो, यालाच ओळख पटत नाही."

शनिवारी मी बरोबर गेले. ग्रंथपालबाई आणि कमिटीचे अध्यक्ष होते. मशीन झटक्यात सुरू झालं, पुस्तकांची यादी उघडली. बाई लहान मुलीसारख्या खूश. अध्यक्षांनी भावजींच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चौकट आली.

"काका, हे काय आलं हो?" बाईंनी विचारलं.

भावजींनी मान तिकडे वळवली. आणि मी, सकाळी बातम्या वाचते तशी, विचारही न करता वाचून मोकळी झाले, "नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भावजींकडे. "काका, तुम्हाला दिसलं नाही का?"

जीभ चावून काय उपयोग होता? चष्मा घरी राहिला असं भावजींना म्हणता आलं असतं. तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला, मला दिसलं.

"नाही बाई. मला बारीक दिसत नाही आता."

"मग हे केलं कुणी?" अध्यक्ष म्हणाले.

"केलं मी. वाचलं वहिनींनी."

माणसं चांगली होती. त्यांनी भावजींना चहा पाजला, मशीनं भंगारात घालणार नाही असा शब्द दिला. पण तिथे बसायला डोळे असलेला माणूस हवा, हे त्यांचंही बरोबरच होतं. माझ्या वहीतली सात पानं त्यांनी उतरवून मागितली, मी दिली.

परतताना भावजी रस्त्यात म्हणाले, "तुमचं वाचन फार स्पष्ट आहे, वहिनी." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे आधी ओरडले, "मला सांगायला काय धाड भरली होती?" मग जाऊन भावाशेजारी बसले, आणि सोमवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं येणार नाही, उरलेलं जपा. आता थेंब मी घालते.

वाचनालयात दुसरा माणूस ठेवला. पहिले पंधरा दिवस त्याचा रोज फोन यायचा. तो पडद्यावरचं वाचायचा, भावजी ऐकायचे आणि पुढे काय करायचं ते घडाघडा सांगायचे. "घाई करू नकोस, आधी दिव्याची ओळ बघ," असं दरडावायचेसुद्धा. नऊला शर्ट घालून फोन समोर ठेवून बसायचे. बाराही मशीनं लागली. मग फोन दोन दिवसांनी यायला लागला, मग आठवड्याने. गेला महिनाभर आलेला नाही.

"तुम्ही इतकं नीट शिकवलंत, म्हणून येत नाही," मी म्हटलं.

"हो, तसंच असणार," भावजी म्हणाले. फोन उलटा पडला नाही ना, ते हाताने चाचपून पाहिलं.

काल संध्याकाळी देवापुढे हात जोडले आणि मनात आलं, त्या बारांतलं एखादं तरी बिघडू दे. माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं प्रार्थना करते, कधी कुणाचं वाईट मागितलं नाही. तिथे मुलं बसून वाचत असतील, त्यांचं मी बिघडवायला निघाले. देवा, माफ कर, म्हणाले.

पण मागणं काही परत घेतलं नाही.